पंचासाठी रकाना नव्हता

माझ्या निवृत्तीच्या समारंभात सूत्रसंचालकाने विचारलं, तुमच्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे? मी आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. ते खोटं नव्हतं. माझे वडील नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि सरांनी फॉर्म आणून, समोर बसवून भरून घेतला नसता तर मी फौजदार झालो नसतो. पण त्या क्षणी मनात आला होता तो दुसराच माणूस. उरणजवळच्या मोरा बंदरावरचा एक कोळी, द्रोणागिरीच्या एका गोदामात वजनकाट्यावर काम करणारा. मी त्यांना नाखवा म्हणायचो. कोळ्यांत होडीच्या मालकाला असं म्हणतात. त्यांची होडी तोवर विकली गेली होती, पण हाक तीच राहिली होती. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या कक्षात निरीक्षक होतो. आमचं ऑफिस वाशीला होतं. सकाळी हजेरी, डायरी, चहा, मग कोर्टाच्या तारखांना कोण जाणार याची वाटणी, असा रोजचा क्रम. त्या दिवशी चहाच्या आधीच वरिष्ठांचं बोलावणं आलं. त्यांच्या समोर एक परदेशी अधिकारी बसला होता. एका मित्रदेशाने आपल्याकडे संपर्कासाठी नेमलेला. त्याने बातमी आणली होती, की अगरबत्तीच्या नावाखाली वेदनाशामक गोळ्यांचा मोठा साठा द्रोणागिरीतून त्यांच्या देशाकडे निघतो आहे.

या गोळ्यांविषयी थोडं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या आपल्याकडे डॉक्टरच्या साध्या चिठ्ठीवर मिळत. ऑपरेशन झालेल्या माणसाला, कॅन्सरच्या रुग्णाला त्यांचा आधार असे. दुसऱ्या देशांत त्यांची नशा करणारे वाढले, तशी त्या देशांनी आपल्यामागे भुणभुण लावली आणि गोळ्या नियंत्रित यादीत गेल्या. मित्रदेशात दर वर्षी एक अहवाल निघतो. अमली पदार्थांच्या बाबतीत कोणता देश किती सहकार्य करतो, याचा. त्या अहवालात आपल्याविषयी चार चांगली वाक्यं यावीत म्हणून वरपासून खालपर्यंत धावपळ असते. आमचे वरिष्ठ मला बाहेर घेऊन म्हणाले, "हे बघ, हा माणूस रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. कळलं?"

मी बातमीची लेखी नोंद करून वरिष्ठांना दिली आणि पथक घेऊन निघालो. परदेशी साहेब सोबत होते.

गोदामात पोचल्यावर पहिली अडचण नेहमीचीच. पंच. झडती घ्यायची तर दोन त्रयस्थ, प्रतिष्ठित माणसं हजर हवीत. काय सापडलं, कुठे सापडलं, सील कसं केलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायचं आणि पंचनाम्यावर सही करायची. ऐकायला सोपं आहे. पण पोलिसांची गाडी दिसली की गोदामातल्या प्रत्येक माणसाला अचानक दुसरीकडे काम निघतं. एक सरकारी कारकून आम्ही सोबत आणला होता. दुसरा मिळेना. शेवटी आमच्या हवालदारांनी वजनकाट्याच्या केबिनमधून एका पन्नाशीच्या माणसाला जवळजवळ हाताला धरून आणलं.

"अहो नाखवा, सही करायची हाय, किडनी नाय मागत तुमची," हवालदार म्हणाले. ते तिथल्याच एका आगरी गावचे होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी हे चालून जायचं.

"किडनी परवारली," तो माणूस म्हणाला. "ती एकदाच जातं. कोर्टाच्या तारका कोन करील? माजा खाडा परला का ठेकेदार पगार कापतंय."

मी पुढे झालो, नमस्कार केला. ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? माज्या पोऱ्याचं जहाजावर जायाचं चाललंय. शिक्षान जालंय, कंपनीचा कागूद यायचा हाय. आमच्या घरान पयलाच हाय तो असा. पोलिसांच्या कागदावर आमचं नाव नको."

आमच्या घरात पहिलाच. हे वाक्य मला लागलं. मी म्हणालो, "नाखवा, पंच म्हणजे आरोपी नव्हे. इभ्रतदार माणूस म्हणून सरकार तुम्हाला बोलावतं. हा कागद तुमच्या मुलाच्या आड येणार नाही. माझा शब्द."

त्यांनी खिशातून पेन काढून तयार ठेवलं.

झडती सुरू झाली. कंटेनर उघडला. खोक्यांच्या रांगा. वरची खोकी फोडली, अगरबत्ती. मधली फोडली, अगरबत्ती. एकूण वजन काट्यावर कागदाशी तंतोतंत जुळत होतं. तीन तास झाले. सगळ्यांच्या अंगाला चंदनाचा वास येऊ लागला. परदेशी साहेब घड्याळ पाहत होते आणि मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो. पाठीमागच्या भागातली खोकी खाली उतरवून ठेवली होती. नाखवा उभे राहून कंटाळले असावेत. बसायला जागा करावी म्हणून त्यांनी त्यातलं एक खोकं उचलून बाजूला ठेवलं. मग दुसरं उचललं, आणि हातात धरूनच थांबले.

"साहेब," ते म्हणाले, "ही अगरबत्ती कनच्या देवाची? देव भारी हाय."

मी दोन्ही खोकी उचलून पाहिली. मला फरक कळेना.

"तुमाला नाय कळायचं. माजी बायको मावरं विकायची. पाटी हातान आली का वजन सांगायची. तिनं शिकवलं मना."

मावरं म्हणजे मासे. आणि ते खोकं फोडलं तेव्हा वर अगरबत्तीचा एक थर होता, त्याखाली गोळ्यांच्या पट्ट्या. तशी खोकी पुष्कळ निघाली. सगळी तळच्या थरातली. एकूण वजन जुळत होतं, कारण कागदच त्या वजनाचा तयार केला होता. परदेशी साहेबांनी नाखव्यांशी हात मिळवला आणि आपल्या उच्चारात "धन्यवाद" म्हटलं. नाखवा लाजले. लाख वितळवून सीलं लावली, नमुने वेगळे केले, पंचनामा वाचून दाखवला. नाखव्यांनी सावकाश, सुवाच्य सही केली.

माल कोणाचा, हे अजून कळायचं होतं. कागद तयार करणाऱ्या एजन्सीचा एक कारकून ताब्यात होता. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा. एकच पालुपद. "सर, मी फक्त पेपर्स बनवतो. पार्टी पाठवते, मी टाइप करतो."

माझा अनुभव असा आहे की खोटं बोलणारा माणूस प्रश्नाला फार जपतो, पण स्वतःच्या उत्तराला जपत नाही. मी गोळ्यांचा विषयच काढला नाही. चहा मागवला. कामावर कुठून येता, ट्रेन की बस, असं विचारत राहिलो. मग सहज म्हटलं, "इतकी खोकी भरतात, कोणीतरी उभं राहून मोजत असेल ना?"

"सर, वरच्यांचं मी सांगू शकतो. खालच्या थरात काय भरलं ते मला काय माहीत?"

आमचे हवालदार कोपऱ्यात कप विसळत होते, ते थांबले. माल खालच्या थरात सापडला हे त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, "खालचा थर कोणी काढला बाबा?" त्याचा चहा अर्धा राहिला. संध्याकाळपर्यंत त्याने मालकाचं नाव, गोळ्या भरल्या ती जागा आणि याआधी गेलेल्या मालाची माहिती, सगळं सांगितलं. गुन्हा उघड झाला.

माझी चूक त्यानंतरची आहे.

मित्रदेशात माल घेणारे पकडले गेले. तिथल्या कोर्टासाठी त्यांना आमची माहिती हवी होती, तीही लगेच. त्यांचा एक छापील नमुना आला. इंग्रजीत, बारीक अक्षरात, पानंच्या पानं. आमच्या कक्षात असे कागद भरायचं काम माझ्याकडेच यायचं. परदेशी साहेब एकदा म्हणाले होते, की तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे. तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला असं वाक्य किती दिवस पुरतं, हे ज्याचं त्यालाच कळेल. मी तो नमुना दुपारभर बसून, एकही खाडाखोड न करता भरला.

त्यात एक पान नावांचं होतं. आरोपींना रकाना होता. तपास अधिकाऱ्यांना होता. त्यानंतर एक रकाना होता, मालाशी संबंध आलेल्या व्यक्तींचा. पंचासाठी रकाना नव्हता. त्यांच्याकडे पंच ही पद्धतच नाही. रस्त्यावरच्या एका सभ्य माणसाला बोलावून, तू पाहा आणि सही कर, असं त्यांचे पोलीस कोणाला सांगत नाहीत. मी पेन धरून थांबलो. पंचांची नावं सोडून द्यावीत तर कागद अपुरा राहील, आणि अपुरा कागद वर पाठवायची मला सवय नव्हती. फोन शेजारीच होता. परदेशी साहेबांना विचारता आलं असतं, की अशा माणसाचं नाव तुमच्याकडे कुठे लिहितात? पण मग त्यांना कळलं असतं की मला त्यांचा कागद नीट समजलेला नाही.

मी विचारलं नाही. मालाशी संबंध आलेल्या व्यक्तींच्या रकान्यात दोन्ही पंचांची नावं लिहिली. वडिलांचं नाव, वय, गाव, घरचा पत्ता, सगळं पूर्ण. सुवाच्य अक्षरात.

खटला उभा राहिला. आमच्या कामात पंच फितूर होणं ही रोजची गोष्ट आहे. सही माझीच पण मी वाचलं नव्हतं, असं तो कोर्टात सांगतो आणि वर्षांची मेहनत वाया जाते. नाखवा प्रत्येक तारखेला आले, पगार बुडवून. बचावाच्या वकिलाने त्यांना हिणवलं, "तुम्ही मासळीवाले, तुम्हाला अगरबत्तीतलं काय कळतं?" ते म्हणाले, "अगरबत्तीतलं नाय कळत साहेब. जर काय ता कळतं." त्यांच्या बोलीत जर म्हणजे जड. न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. आरोपींना शिक्षा झाली. मला मित्रदेशाकडून प्रशंसापत्र आलं, पुढे बढती मिळाली, आणि त्यांच्या देशात प्रशिक्षणासाठी जायची संधीही मिळाली. माझा व्हिसा चार दिवसांत झाला. आमच्या घरातून विमानात बसणारा मी पहिला.

परत आल्यावर काही दिवसांनी नाखवा वाशीच्या ऑफिसात आले. हातात प्लास्टिकची फाइल. सोबत मुलगा होता, उंच, गप्प. जहाजावरच्या इंजिन विभागात त्याची निवड झाली होती. त्या कंपनीची जहाजं मित्रदेशाच्या बंदरांना लागत, म्हणून त्यांचा व्हिसा हवा होता. तो नाकारला गेला होता. कंपनीने दोन वेळा थांबून पाहिलं आणि जागा दुसऱ्याला दिली. दुसऱ्या कंपन्यांच्या फॉर्मवर, पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का, हा प्रश्न असतोच.

"कारन सांगत नाय ते," नाखवा म्हणाले. "पोऱ्याच्या अंगावर एक केस नाय साहेब, दारूचा थेंब नाय. तुमची वळख हाय त्या लोकांशी. येक शब्द टाका."

मुलाने नाकारल्याचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी ते वाचलं. त्यात खरोखरच कारण नव्हतं. पण अर्जाच्या प्रतीत वडिलांचं नाव आणि घरचा पत्ता होता, आणि हे दोन्ही मी आधी कुठे लिहिलं होतं ते मला त्याच क्षणी आठवलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो मी."

"बघा साहेब," नाखवा उठताना म्हणाले. आणि मुलाला कोपर मारून, "पाया पर साहेबांच्या." तो माझ्या पाया पडला.

परदेशी साहेबांना भेटलो. माणूस चांगला होता, ऐकून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ती यादी माझ्या हातात नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात एकदा नाव चढलं की ते तुमच्या सरकारच्या लेखी विनंतीशिवाय निघत नाही. तुम्ही विनंती पाठवा, मी जमेल ते करीन."

मी वरिष्ठांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुला माहितीये ना, आपला एक आरोपी त्यांच्या ताब्यात आहे? तो परत आणायचं चाललंय. पुढच्या महिन्यात त्यांची टीम येतेय. आणि आत्ता आपण लिहायचं, की आम्ही तुम्हाला चुकीची नावं दिली? मग उद्या त्यांचे वकील म्हणतील, भारताने दिलेला सगळाच कागद चुकीचा. तिकडची केस उडेल. टेन्शन कोणाला? मला."

"सर, एका मुलाची नोकरी आहे."

"आणि इथे दोन देशांचे संबंध आहेत." ते वाईट माणूस नव्हते. "मैत्री म्हणजे काय, ठाऊक आहे? समोरच्याकडे काय मागायचं नाही, हे लक्षात ठेवणं. तू अर्ज दे. मी वर पाठवतो."

मी अर्ज दिला. तो वर गेला. एकदा स्मरणपत्र दिलं. त्यानंतर माझी बदली झाली, मग निवृत्ती. दुसऱ्या पंचाला, त्या सरकारी कारकुनाला, यातलं काहीच कळलं नाही. तो देशाबाहेर जाणार नव्हता. नाखव्यांचा मुलगा द्रोणागिरीतच फोर्कलिफ्ट चालवतो. ज्या गोदामात त्याच्या वडिलांनी सही केली, त्याच्या पलीकडच्या गोदामात.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते लिहिताना हात जड होतो. दोन देश एकत्र येऊन अमली पदार्थांशी लढतात, ते योग्यच आहे. त्या गोळ्यांनी तिकडे पुष्कळ घरं उद्ध्वस्त केली होती. ती माणसं मी प्रशिक्षणात भेटलो, त्यांचं दुःख खरं होतं. पण अशी मैत्री करार करणाऱ्यांना जड होत नाही. तिचं ओझं खाली, काट्यावर बसलेल्या माणसाच्या हातात येतं, आणि त्याला ते कोणी सांगत नाही. तरीही मी सगळा दोष करारावर टाकणार नाही. त्या नमुन्यात रकाना नव्हता हे खरं. पण फोन होता, आणि माझी लाज आडवी आली.

दर वर्षी नाखवा माझ्याकडे सोडे पाठवतात, सुकवलेली कोलंबी, वर्तमानपत्रात बांधून. साहेबांनी आपल्यासाठी फार खटपट केली, असं ते गावात सांगतात. यंदाचं पुडकं आलं तेव्हा मी ते उघडू शकलो नाही. टेबलाशी बसलो आणि पत्र लिहिलं. ते रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे. त्याची प्रत इथे देतो, कारण जे त्यांना कबूल केलं ते चार लोकांसमोरही कबूल असावं.

नाखवा यांस,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुलाकडून वाचून घ्या. त्यालाही हे कळायला हवं.

तुमच्या मुलाचा व्हिसा अडला, त्याचं कारण तो नाही आणि तुम्हीही नाही. त्याचं कारण मी आहे. परदेशी कोर्टासाठीचा कागद मी भरला. त्यात पंचांचं नाव कुठे लिहायचं ते मला समजलं नाही, आणि विचारायची लाज वाटली म्हणून मी तुमचं नाव गुन्ह्यातल्या मालाशी संबंध असलेल्या लोकांत लिहिलं. ते तिथेच राहिलं. तुम्ही दोघं ऑफिसात आलात तेव्हा मला हे समजलं होतं. तुमचा मुलगा माझ्या पाया पडला, तेव्हाही मी बोललो नाही.

मी तुमच्यासाठी खटपट केली असं तुम्ही समजता. मी एक अर्ज केला आणि एक स्मरणपत्र. बाकी काही नाही.

आता सरकारी नोकरी नाही, त्यामुळे मला कोणाची परवानगी लागत नाही. सोबत माझं शपथपत्र आहे. तुम्ही पंच होता, आरोपींशी तुमचा काही संबंध नव्हता, आणि नाव चुकीच्या जागी मी लिहिलं, हे त्यात स्पष्ट आहे. कोर्टातून पंचनाम्याची आणि तुमच्या साक्षीची नक्कल काढली आहे, तीही जोडली आहे. एका वकिलांशी बोललो. ते म्हणतात, मुलाने हे जोडून पुन्हा अर्ज करावा. नाव निघेल की नाही, ते सांगता येत नाही. मी याआधी तुम्हाला एकदा शब्द दिला होता, म्हणून आता देत नाही.

येत्या सोमवारी सकाळी मोऱ्याला येईन. तुमच्या दाराशी उभा राहीन. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो होतो, की सरकार पंच म्हणून इभ्रतदार माणसालाच बोलावतं. त्या गोदामात तसे तुम्ही होता. यापुढे मी तुमची सही कशावरही मागणार नाही.

तुमचा,
(सही)